तीन पुकार

आमच्या घरमालकांना कुणी ‘जरा हळू बोला’ म्हटलं, की ते त्याहून मोठ्यानं विचारायचे, “काहून?”

त्यांच्या बाजूनं पाहिलं तर प्रश्न रास्त होता. ज्या आवाजाबद्दल सरकार दर महिन्याला पगार देत होतं, तो घरी आल्यावर खुंटीला कसा टांगून ठेवायचा? ते नागपूरच्या कोर्टात पुकारा करणारे चपराशी होते. आत खटला निघाला, की बाहेर व्हरांड्यात उभं राहून वादी-प्रतिवादींना हाका मारायच्या, हे त्यांचं काम. पांढरे कपडे, छातीवर आडवा लाल पट्टा आणि त्यावर चिंचेनं घासलेला पितळी बिल्ला. “अमुक वल्द तमुक, हाजिर होऽऽ!” अशा बापाच्या नावासकट तीन हाका. तीन हाकांत माणूस आला तर ठीक, नाहीतर दावा खारीज. “चौथी हाक देवाच्या बापालेही नाही,” असं ते सांगायचे. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी नाशिकहून आले, ती थेट या आवाजाखाली. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते, काकीजी आणि त्यांची एकुलती एक मुलगी. वरच्या दोन खोल्या आणि रस्त्यावरची लाकडी गॅलरी आमच्याकडे भाड्यानं. पहिल्याच सकाळी खालून “ज्योऽऽत्स्ना!” अशी हाक आली आणि माझ्या हातातलं दुधाचं पातेलं कलंडलं. मला वाटलं, घराला आग लागली. खाली डोकावले तर दोन वेण्या घातलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी अंगणात शांतपणे पेरू खात उभी होती. दुसरी हाक झाली. ती पेरू खातच राहिली. तिसरी झाली तेव्हा म्हणाली, “ओ.” पहिल्या दोन हाका आपल्यासाठी नसतातच, अशी तिची पक्की समजूत होती. कोर्टातल्या माणसाची मुलगी, तिसऱ्या पुकाराच्या आत हजर झालं की झालं!

या नावाची कथा काकाजींनी मला इतक्या वेळा सांगितली, की त्यात कुठे खोकायचं हेही मला पाठ झालं होतं. तरुणपणी एकदा कोर्टात एका बाईचं नाव पुकारायचं होतं. ज्योत्स्नाबाई. तोवर त्यांनी गोदाबाई, यमुनाबाई, काशीबाई पुकारल्या होत्या. त्या तोंडातून आपोआप निघत. हे नाव निघेना. पहिली हाक ‘ज्योत’वर अडकली, दुसरी त्याच्या पुढे जाऊन पडली. व्हरांड्यातले वकील हसले. शेवटी आतून न्यायाधीश साहेबांनी स्वतः ते नाव सावकाश म्हणून दाखवलं. तिसरी हाक नीट गेली आणि कोपऱ्यातल्या बाकावरून पांढरं लुगडं नेसलेली एक बाई उठून आली.

“मले असं वाटलं सूनबाई,” काकाजी म्हणायचे, “का माह्या तोंडातून आज पहिल्यांदा काही चांगलं निघालं. बाकी तर सारे चोर अन् भाऊबंदकीवाले.”

त्या दिवशी डबा न खाता ते कोर्टातल्या लिंबाच्या झाडाखाली ते नाव घोकत बसले. चहावाल्यानं त्यांच्या डोक्यावर पाणी मारावं का, असं विचारलं म्हणे. पुढे बऱ्याच वर्षांनी, वय उलटत असताना मुलगी झाली. नाव ठरलेलंच होतं. सख्खी बहीण नव्हती, म्हणून बारशाला आत्याचं कामही त्यांनीच केलं. तान्ह्या बाळाच्या कानात त्यांनी कोर्टाच्या आवाजात नाव सांगितलं.

“तवापासून तिले पहिल्या हाकेले ऐकू येत नाही,” काकीजी गंभीरपणे सांगायच्या.

एवढं करून घरात ते नाव नीट म्हणणारे ते एकटेच. काकीजी म्हणायच्या जोसना. पानवाला म्हणायचा जोत्सना. दूधवाला भय्या ‘जोशना बिटिया’ म्हणायचा आणि शाळेतल्या बाई ज्योस्ना. काकाजी गॅलरीतून, ओट्यावरून, संडासाच्या रांगेतूनसुद्धा दुरुस्ती करायचे, “त्स्! त्स्!” दूधवाल्याला बरेच दिवस वाटत होतं, की म्हातारा मांजर हाकलतो.

काकाजींचं एक ठाम मत होतं. “नाव काही कागदावर लिहाची गोष्ट नाही. नाव म्हणजे हाक. दिवाबत्तीच्या वेळी दारात उभं राहून पुकारलं, अन् मैदानातलं पोट्टं घरी आलं, तर ते नाव. नाहीतर नुसती अक्षरं.” यातून त्यांनी गल्लीला एक परीक्षा लावून दिली होती. कुणाच्याही घरी बारसं असलं, की आधी बाळाच्या बापानं आमच्या गॅलरीत येऊन ठरवलेलं नाव तीनदा पुकारायचं. काकाजी गल्लीच्या टोकाला, पिंपळाच्या पाराजवळ उभे राहायचे. तिथवर नाव पोहोचलं तर हात वर करायचे, नाही पोहोचलं तर मान हलवायचे. गॅलरी आमची, त्यामुळे परीक्षेला आलेल्या प्रत्येक बापाला चहा माझा. काही बाप नापास होऊन दुसऱ्या नावासह पुन्हा यायचे. पुन्हा चहा.

आता आमच्याकडे बारशापर्यंत नाव गुपित ठेवायचं असतं. आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं आणि मग सगळ्यांना कळायचं. काकाजींच्या राज्यात ते आधी पानवाल्याला कळे. माझ्या मुलीच्या वेळी नणंद नाशिकहून मोठ्या थाटात आली. नाव तिनं आणि तिच्या भावानं पत्रांतून ठरवलं होतं, मलासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. पण आदल्याच दिवशी यांनीही गॅलरीतून परीक्षा दिली होती. ती टांग्यातून उतरली तेव्हा पानवाल्यानं हसून विचारलं, “वैशालीच्या आत्याबाई ना तुम्ही?” ती जी फुगली, ती पाळणा म्हणेपर्यंत.

खरं तर काकाजींना आमच्या मुलीचंही नाव ज्योत्स्ना हवं होतं. तोवर त्या नावाचे दिवस आले होते. धरमपेठेतल्या बंगल्यांत ज्योत्स्ना, महालात ज्योत्स्ना, आमच्या एका गल्लीत चार. काकाजींनी हाक मारली, की चार दारांतून चार डोकी बाहेर यायची, आणि त्यांची स्वतःची मुलगी सोडून बाकीच्या तिघी ‘ओ’ द्यायच्या. दुसरा कुणी वैतागला असता. काकाजी मिशीत हसायचे. “महालात हे नाव कोणी आणलं, विचार.” मी विचारायची नाही, तरी सांगायचे.

एकदा अंगणात गहू निवडताना त्यांनी मला विचारलं, “तुह्यं माहेरचं नाव काय होतं वं?”

मी सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळांत आमच्या यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, आणि तेव्हापासून जुनं नाव फक्त आईच्या पत्रात उरलं होतं. काकाजींनी ते एकदा तोंडात घोळवून पाहिलं.

“हाक लांब जाईन,” ते म्हणाले. “चांगलं होतं. काहून बदललं?”

सगळ्यांचं बदलतात, तसं माझं बदललं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं, आणि मी गव्हात खडे शोधत बसले.

मी उलट विचारलं, “काकाजी, तुमचं नाव काय?”

ते खो-खो हसले. “पुकारणाऱ्याचं नाव कोण पुकारते?” आणि उठून गेले. खरंच, आम्हाला कित्येक वर्षं त्यांचं नाव माहीत नव्हतं. दारावर पाटी नव्हती. विजेचं बिल त्यांच्या वडिलांच्या नावानं यायचं. काकीजी तर मरेपर्यंत नवऱ्याचं नाव घेणार नव्हत्या. अख्ख्या जिल्ह्याची नावं ज्यानं पुकारली, त्याला हाक मारायला कुणाकडे नाव नव्हतं.

काकाजी निवृत्त झाले आणि पुढच्या एक-दोन वर्षांत ज्योत्स्नाचं लग्न ठरलं. मुलगा काटोलचा, घरची संत्र्याची बाग, स्वभावानं इतका लाजाळू की बघण्याच्या कार्यक्रमात मुलीपेक्षा तोच जास्त खाली बघत होता. सगळं जुळलं. उठता उठता मुलाची आई म्हणाली, “एक सांगू का? नाव मात्र बदलावं लागन. आमच्या मोठ्या सुनेचं नाव जोसनाच आहे. एका घरात दोन जोसना कशा ठेवू बापा? हिचं आम्ही वंदना ठेवतो.”

त्या बाईचं काही चुकत नव्हतं. नाव इतकं पसरलं होतं, की ते काटोलला आमच्या ज्योत्स्नाच्या आधी जाऊन सून होऊन बसलं होतं. मुलीचा बाप काय बोलणार? काकाजी “बरोबर आहे” म्हणाले, हळू आवाजात. मी त्यांचा हळू आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि मला भीतीच वाटली.

लग्नापर्यंत घर विचित्र शांत झालं. काकाजी मुलीला हाक मारेनात. काही हवं असलं तर आत जाऊन सांगायचे. एक दिवस गॅलरीत येऊन बसले आणि म्हणाले, “तिले सवय व्हाले पाहिजे ना. मी पुकारत राहिलो तर तिकडे जाऊन अर्धी इकडंच राहीन.” मग खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, “पण सूनबाई, नाव गेलं, अन् पुढं कधी मी पुकारलं, तर कोण येईन वं?”

मला रडू आलं. मी उठून चहा टाकायला गेले.

लग्न उन्हाळ्यातलं. गल्लीतच मांडव, दाराला पाणी मारलेले वाळ्याचे पडदे. लग्न लागलं, जेवणं झाली आणि नाव लिहायला तांदळाचं ताट आलं. नवऱ्या मुलानं अंगठी हातात घेतली. तेवढ्यात काकाजी पुढे आले. निवृत्त होऊन एवढे दिवस झाले होते, तरी त्या दिवशी त्यांनी कोर्टाचे पांढरे कपडे घातले होते, फक्त पट्टा नव्हता.

“मी आडवा येत नाही,” ते मुलाच्या आईला म्हणाले. “नाव तुमचं, पोरगी तुमची. पण आमच्या गल्लीत पुकारल्याशिवाय नाव ठेवत नाही. जवाईबापूंनी मांडवाच्या दारातून तीनदा पुकारावं. मंग खुशाल लिहा.”

मुलाकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. आमच्या गल्लीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. पानवाला तर सवयीनं पिंपळाकडे चालायला लागला. मुलाचे मामा म्हणाले, “चालू द्या, गंमत आहे.” बिचारा मुलगा मांडवाच्या दारात जाऊन उभा राहिला.

ज्योत्स्ना माझ्या शेजारी, आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. मुंडावळ्या अजून कपाळावर होत्या.

“वंदना,” त्यानं हाक मारली. आवाज जेमतेम माझ्यापर्यंत आला. तिच्या बोटांनी माझं मनगट धरलं.

“वंदना!” ही जरा मोठी होती. बोटं आवळली गेली. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच्या पडद्याकडे बघत होती, लहानपणी पेरू खाताना बघायची तशी. मला वाटलं, आता तिसरीला ‘ओ’ देईल. जन्मभर तिसरीलाच तर देत आली होती.

“वंदनाऽ!”

माझ्या हातातल्या दोन बांगड्या पिचल्या. तिच्या तोंडून शब्द आला नाही.

काकाजी मुलीकडे बघत होते. त्यांनी तिला हे शिकवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांचा चेहराच सांगत होता. मग त्यांनी अगदी हलक्या आवाजात म्हटलं, “नाव गैरहजर. खारीज.”

“हे काय कोर्ट लावून राहिले काय?” मुलाचे मामा उसळले. “सुनेनं पहिल्याच दिवशी तोंड फिरवलं, अन् तुम्ही खारीज म्हणता?” कुणीतरी गाडी आणायला सांगितलं. काकीजी मटकन खाली बसल्या. मुलाच्या आईचा चेहरा लाल झाला. त्या क्षणी ते लग्न मोडल्यात जमा होतं, आणि ते कुणामुळे हे गल्लीला जन्मभर बोलायला पुरलं असतं. काकाजींना ते कळलं होतं.

मुलगा अजून मांडवाच्या दारातच उभा होता. मामांकडे नाही, आईकडे नाही, कुणाकडेच न बघता त्यानं मान वर केली आणि हाक मारली, “जोसना!”

“ओ,” ती म्हणाली. पहिल्याच हाकेला.

आधी पानवाला हसला, मग सगळी गल्ली. शेवटी मुलाच्या आईलाही हसू आवरेना. “ठेव बापा तुही जोसना,” ती म्हणाली. “एक मोठी जोसना, एक लहान जोसना. हाक मारली का दोघी येतीन, कामाले बऱ्या पडतीन.” मामांना जिलबी वाढण्यात आली.

आणि काकाजी? जावयानं सगळ्यांदेखत ‘जोसना’ म्हटलं होतं. काकाजींचे ओठ सवयीनं ‘त्स्’साठी आवळले गेले. काकीजींनी खालूनच त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. त्यांनी ओठ मिटले. संध्याकाळी पाठवणी झाल्यावर मला म्हणाले, “चुकीचं पुकारलं पोट्ट्यानं.” मग डोळे पुसत म्हणाले, “पण हाजिर झाली ना वं पोरगी.”

त्यानंतर ते कुणाला ‘त्स्’ करून दुरुस्त करताना मी पाहिलं नाही.

आम्ही पुढे धरमपेठेत राहायला गेलो, पण महालात जाणं-येणं होतं. ऐंशी सालानंतर बारशांना वेगळीच नावं येऊ लागली. स्नेहल, शीतल, पायल. काकाजींना ती पेलत नसत. “‘ल’वर जीभ टाळूले चिकटून बसते. दाराच्या बाहेर निघतच नाही हे नाव,” म्हणायचे, तरी पाराजवळ उभे राहून हात वर करायचे. ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून सगळेच पास. गल्लीतल्या चारही ज्योत्स्ना सासरी गेल्या होत्या, आणि नवी एकही पाळण्यात आली नव्हती. त्यांच्या नातीचं नावही श्वेता होतं. “झालं, त्या नावाचा जमाना झाला,” असं ते सहज म्हणत. पण ज्योत्स्ना काटोलच्या बसनं यायची असली, की बसच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी ती दिसायच्या आत ओट्यावरून हाक सुरू. एक, दोन, तीन. तिसरीला ती कोपऱ्यावरून ‘ओ’ द्यायची. संत्र्यांची पिशवी घेऊन कोपऱ्याआड मुद्दाम थांबायची, तिसरी होईपर्यंत.

शेवटी ते आजारी पडले तेव्हा आधी आवाज गेला. मग डोळे मिटलेलेच राहू लागले. मी गेले त्या दुपारी खोलीत काकीजी, मी आणि नुकतीच बसमधून उतरलेली ज्योत्स्ना होती. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, “नावानं हाक मारून बघा. कधी कधी प्रतिसाद देतात.”

काकीजी माझ्याकडे बघू लागल्या. मी ‘काकाजी, काकाजी’ करून पाहिलं. काही नाही.

ज्योत्स्ना उठली. तिनं पदर खोचला आणि खाटेजवळ न जाता दाराबाहेर, ओट्यावर जाऊन उभी राहिली. पुकारा करणारा दारातूनच पुकारतो. आणि मग त्या गल्लीत कधी न ऐकलेलं नाव आलं. त्यांचं, वल्द त्यांच्या वडिलांचं, सगळं पुरं, “हाजिर होऽऽ!” तोच आवाज. पानवाला दुकानातून खाली उतरला. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते पुकारायचं आहे, लिहायचं नाही. साधंच होतं, जुन्या वळणाचं.

खाटेवर हालचाल नव्हती.

तिनं दुसरी हाक मारली. काकीजींनी पदर तोंडात कोंबला. काकाजींची छाती वर-खाली होत होती, एवढंच.

मी वाट बघत राहिले. ती आत आली आणि बापाच्या उशाशी बसली.

“अगं, आणखी एक मार ना,” मी म्हटलं. “तिसरीला उठतील.”

“नाही वहिनी,” ती म्हणाली. तिनं त्यांचा हात मांडीवर घेतला. “तिसरी मारली अन् नाही उठले, तर खारीज होते.”

काकाजी त्याच आठवड्यात गेले. तिसरी हाक तिनं आजपर्यंत मारलेली नाही.